रिकामी मूठ

अलीगंजच्या बाजारात लता मटार निवडत होती. तिचे यजमान, तान्ह्या बाळांचे डॉक्टर जयसिंग, थैली धरून मागे उभे होते. ठेल्यापलीकडे एक बाई नुसतीच उभी होती. रिकामी मूठ आवळायची, सोडायची. आवळायची, सोडायची.

जयसिंगांनी तिला ओळखलं. गेल्या हिवाळ्यात एका बड्या पुढाऱ्याच्या नातवासाठी त्यांनी हिच्या बाळाचा व्हेंटिलेटर काढून घेतला होता आणि हाताने हवा भरायची रबरी पिशवी हिच्याकडे दिली होती.

"दबाती रहो."

"हाथ थक गया तो, डॉक्टरसाहब?"

"माँ हो. थकना मत," म्हणून ते चहाला निघून गेले. बाळ गेलं, तरी ती दाबतच होती.

आता ठेल्यापाशी त्यांनी मान फिरवली, तेव्हा ध्यानात आलं, आपला श्वास तिच्या मुठीबरोबर चाललाय. मूठ आवळली की छाती भरते, सोडली की रिती होते. त्यांनी मुद्दाम मधेच श्वास घेऊन पाहिला. आला नाही.

"अहो, काय होतंय?" लता घाबरली.

बाई त्यांच्याकडे बघून अगदी मायेनं हसली.

"हाथ थक गया, डॉक्टरसाहब," ती म्हणाली, आणि उघडा हात तिने सावकाश पदराला पुसला.