एका शिंगाचं रेनडिअर

दोन प्रियकरांच्या कात्रीत सापडलेल्या नायिकेसाठी इंगविल्ड सिनेमाभर रडली. नंतर मंडळी तिच्याकडे कॉफीला गेली, नेहमीप्रमाणे दारातच बूट काढून. टोरगेअरच्या खिशात तिच्यासाठी अंगठी होती आणि पायांत तिनं विणलेले मोजे. मोज्यांवरच्या रेनडिअरला एकच शिंग होतं. “तुझ्या आठवणीत टाका चुकला,” ती लाजून म्हणाली होती. समोर त्याचा जिवलग दोस्त आस्लाक पाय पसरून बसला. त्याच्या मोज्यांवरही एकशिंगी रेनडिअर. “मोजे कुणी दिले रे?” टोरगेअरनं विचारलं. “इंगविल्डनं. माझ्या आठवणीत टाका चुकला म्हणे.” टोरगेअरनं आपला पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला. आस्लाकचा चेहरा उतरला. केक कापता कापता इंगविल्ड हळहळली, “बिचारीनं दोघांतून कुणाला निवडायचं?” तेवढ्यात बर्फ झटकत पाद्रीबाबा आले. बूट काढून एकशिंगी रेनडिअर मिरवत म्हणाले, “कुणाबद्दल चाललंय?” दोघांनी सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.