माळ्यावरचे सेल

संध्याकाळी सव्वासातला वनरक्षकाचा फोन आला. डोंगरात घसरून भावाचा पाय मोडला होता. मोबाइल बंद पडण्यापूर्वी तसं त्यानेच कळवलं होतं. “घाबरू नका, ताई. काळोख झाला की तो टॉर्च दाखवणार आहे. उजेड दिसला की निघालोच.” त्याच्यासाठी जाड पांघरूण काढायला बहीण माळ्यावर चढली. हाताला बिस्किटांचा डबा लागला. आत टॉर्चचे सेल होते. मागचा हंगाम संपल्यावर तिनेच सामान आवरलं होतं: तंबू वाळवला, स्लीपिंग बॅग सैल ठेवली, सेल गळतात म्हणून काढले. त्यानेच शिकवलेलं. आज सकाळी सॅक उचलताना तो म्हणाला होता, “तू आवरलेलं मी कशाला तपासू?” तिने वनरक्षकाला फोन लावला. “टॉर्चमध्ये सेल नाहीत.” “मग कुठल्या बाजूने चढायचं, ताई?” नऊला माणसं हाका मारत निघाली. अजून ओ आलेली नाही.