पहिल्या स्टेजवाली

खिडकीजवळची खुर्चीही शेवटी धाकट्या जावेच्या खोलीत गेली. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ती खुर्ची तिने स्वतः दुकानदाराशी तासभर घासाघीस करून आणली होती. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी ओढत नेली आणि वर म्हणाल्या, "तुझं काय, तू ठणठणीत आहेस."

ठणठणीत! थोरलीचं ऑपरेशन होऊन अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. हात वर केला की काखेत ओढल्यासारखं व्हायचं. पण तिचा स्तनाचा कॅन्सर पहिल्या स्टेजचा निघाला आणि धाकटीचा तिसऱ्या. या घरात आता मान स्टेजवर ठरत होता. केमोने धाकटीचे केस गेले, तेव्हा दिराने स्वतःचंही टक्कल करून घेतलं. थोरलीच्या ऑपरेशनच्या दिवशी तिच्या नवऱ्याने जेमतेम दाढी केली होती. सासूबाई धाकटीच्या उशाशी बसून तिला पेपर वाचून दाखवत. थोरलीला मात्र येणारा-जाणारा एकच सांगे, "नशीब काढलंस, वेळेत सापडलं."

"नशीब कसलं डोंबलाचं? तोंड चालवलं म्हणून सापडलं," ती प्रत्येकाला सुनवायची. कोरोनाच्या साथीत तपासणी केंद्र दोन महिने बंद होतं. उघडलं तेव्हा दिवसाला चारच बायका घेत, कारण प्रत्येकीनंतर मशीन पुसून खोली तासभर रिकामी ठेवावी लागे. थोरलीच्या हाताला छातीतली गाठ लागली होती. ती रोज सकाळी केंद्रातल्या खिडकीवरच्या बाईशी फोनवर भांडायची आणि उरलेला दिवस घरभर रडत फिरायची. बाराव्या दिवशी तारीख मिळाली. धाकटीने मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आठ महिन्यांनी काखेतली गाठ लपेना, तेव्हा कुठे बोलली. मग आता एवढे लाड कशाचे? गप्प बसल्याचं बक्षीस?

आपण चक्क आजाराचा हेवा करतोय हे थोरलीला कळत होतं. त्याची लाजही वाटायची. पण लाजेने हेवा काही कमी होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती फेरतपासणीला केंद्रात गेली. खिडकीवर तीच बाई होती.

"ओळखलंत का? रोज भांडणारी ती मीच," थोरली तोऱ्यात म्हणाली. "भांडून तारीख काढली तुमच्याकडून."

बाई हसली. "भांडून कुणालाच मिळत नव्हती हो. तुम्हाला तुमच्या घरच्यांनी दिली ना?"

तिने मागची नोंद बघायला जाडजूड वही उघडली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे आधी धाकटीचं नाव होतं. ते एका रेघेत खोडून वर थोरलीचं लिहिलं होतं. पत्ता तोच.

"त्यांनीच फोन केला होता. म्हणाल्या, माझ्या जागी जाऊबाईंना घ्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"म्हणजे तिलाही तेव्हाच गाठ...?"

"गाठ असल्याशिवाय आम्ही नाव घेतच नव्हतो तेव्हा."

थोरली तडक घरी आली. खरं सांगायचं तर तिला राग येत होता. खुर्ची धाकटीची, पेपर धाकटीचा, टकला नवरा धाकटीचा, आणि आता त्यागही धाकटीचाच! म्हणजे जन्मभर हिच्यापुढे मान खाली घालून वावरायचं. सासूबाईंचा डोळा लागला होता. थोरली धाकटीच्या खोलीत शिरली आणि तिने दार लोटून घेतलं.

"माझ्यावर उपकार करायला तुला कुणी सांगितलं होतं?" तिचा आवाज चिरकला. "अगं, आठ महिने गेले तुझे! तू असतीस आज माझ्या जागी."

धाकटी खुर्चीत बसली होती. तिने डोक्याचा रुमाल सारखा केला.

"उपकार कसले, ताई. मला कळूनच घ्यायचं नव्हतं. नाव नोंदवलं खरं, पण तारीख आली आणि माझे हातपायच गळाले. तुमचं नाव दिलं आणि मी सुटले."

थोरली पलंगाच्या कडेवर टेकली.

"तुम्ही फोनवर भांडायचात ना, तेव्हा मी इथे दाराशी उभी राहून ऐकायचे," धाकटी म्हणाली. "जगायला मिळावं म्हणून एवढं भांडता येतं एखादीला! फार हेवा वाटायचा मला तुमचा. अजून वाटतो."