आत्याने कानात सांगितलेलं नाव

बारशाच्या आधी मृण्मयीने आपल्या बाळाच्या पाळण्यावरचा विषाणूदिवा लावला, तेव्हा जमलेल्या बायका हसल्या. विषाणू हिरवे दाखवणारा असा दिवा आता घरोघरी असायचा, पण पाहुण्यांसमोर तो लावणं म्हणजे त्यांचा अपमानच.

बाळाची आत्या विशाखा नाक पुसत म्हणाली, "आम्ही काय रोगी आहोत का गं? मला नुसती सर्दी आहे. दोन दिवसांत जाईल."

"तुमची जाईल, ताई. बाळ दीड महिना आधी जन्मलंय. त्याच्या श्वासनळ्या शेवयांएवढ्या आहेत. तुमचं नाक गळतं, त्याचा श्वासच कोंडेल."

"मग नाव काय शेजारीण सांगणार कानात?" असं म्हणून विशाखा पाळण्यावर वाकली.

दिव्याच्या उजेडात तिच्या नाकाखाली हिरवी, चिकट तार लोंबताना दिसली. ओठांवर हिरवा फेस होता आणि बोटं माखलेली होती. त्याच बोटांनी तिने मघाशी सगळ्यांना पेढे भरवले होते. कोपऱ्यात बसलेल्या दमेकरी नानांची मिशी हिरवी झाली होती. नाना घाईघाईने पेढा थुंकले. कोणाला तरी ओकारी आली.

विशाखाने हाताने तोंड पुसलं, तर हिरवं गालभर पसरलं. ती शिसारी येऊन मागे सरली आणि थेट अंगणात गेली.

मृण्मयीने खिडकी घट्ट लावली आणि पाळणा काचेजवळ ओढला.

"कुर्रर्र... अद्वय!" विशाखा बाहेरून ओरडली.

काचेवर, बरोबर बाळाच्या कानासमोर, हिरवा शिंतोडा उडाला आणि ओघळू लागला.

"शी!" विशाखा म्हणाली. "फडकं द्या गं कोणीतरी."