उतारावरची पिकअप

शिवय्याची जुनी डिझेल पिकअप कसबा बावड्यातल्या उतारावर उभी होती. विकत घ्यायला आलेल्या जयपालनं बॉनेट उघडलंच नाही. चाकाखालचा दगड बघूनच तो भडकला.

"सपाटीला घे आन् चावी मारून दाव."

"का? इश्वास न्हाय व्हय?"

"न्हाय! स्टार्टर गेलाय, ढकलल्याबिगर सुरू हुत न्हाय, म्हणून हितं लावलीयास. मला टोपी घालतोस व्हय रं?"

"घ्यायची नसंल तर निघ हितनं!"

"फुकट दिलीस तरी नको असलं भंगार!"

जयपाल तणतणत आपल्या जीपकडं गेला, चाकाशी एक लाथ हाणली आणि आत बसला. जीप मुकाट्यानं उतरू लागली आणि निम्म्या उतारावर गचका खाऊन धडधडली.

मागनं शिवय्या ओरडला, "ओ पावणं, तुमचा दगड ऱ्हायला की!"