मास्तरांचा डावा हात

"पियानो एक आणि तुम्ही दोघं," तुळजाबाई आतल्या दाराआडून म्हणाल्या. "वाजवा. ज्याच्या वाजवण्यात ह्यांचा डावा हात ऐकू येईल, त्यानं गाडी जुंपून घेऊन जावा."

ओसरीवर गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. एका अंगाला खुर्चीवर अमीनसाहेब. निजामाच्या पोलिसातला साहेब म्हटल्यावर माणसं जरा सावरून बसलेली. पण मास्तरांचा पियानो ऐकायला ते पहिल्यापासून यायचे, त्यात नवल काही नव्हतं.

रेणुकादास मास्तरांना जाऊन चौदा दिवस झाले होते. भर दुपारी पियानोवरच मान टाकली. चष्मा तेवढा पार उंबऱ्याशी फुटून पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून लातुरात एकच बोलणं, मास्तरांचा जीव पियानोत अडकला. कुणी म्हणे, दुपारी तो आपोआप वाजतो. तुळजाबाईंनी कुणाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

आता हे वाजवणं काय होतं, तेही सांगायला हवं. लातूरला ठाऊक होती भजनातली पेटी. मास्तर तरुणपणी सिकंदराबादच्या हॉटेलात गोऱ्यांच्या नाचाला जाझ वाजवायचे. त्यात उजवा हात वर मजेत खेळतो, मरमर सगळी डाव्याची. खाली एक जाड सूर मारायचा, लगेच उडी घेऊन मधल्या तीन-चार सुरांवर एकदम पडायचं, परत खाली. न बघता, न चुकता. तिथं वाजवणाऱ्यांच्या झुंजी लागायच्या. एक उठला की दुसऱ्यानं ताल न तोडता त्याच्या जागी बसायचं. ज्याचा डावा अडखळला, तो हरला. गेल्या दिवाळीपासून मास्तर मात्र बाहेर कुठं वाजवत नव्हते. वय झालं, असं लोक म्हणत.

चेले त्यांनी दोनच केले. उदगीरचा माणिकप्पा आणि नांदेडचा माधवराव. माणिकप्पाला पियानो नाही मिळाला तरी त्याच्या पेटीच्या शिकवण्या होत्या. माधवरावाचं तसं नव्हतं. नांदेडच्या क्लबानं पियानो विकून टाकला त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून हा माणूस घरच्या टेबलावर बोटं आपटत बसायचा. बायको आधी हसायची, मग तिनं हसणं सोडलं. बोटं आखडत चालली होती आणि ते त्याला रोज कळत होतं. मास्तरांकडं त्यानं दोनदा पियानो मागितला, दोन्ही वेळा नकारच मिळाला.

"काकू, शेवटचं दर्शनसुद्धा झालं न्हाई," आल्या आल्या तो गहिवरून म्हणाला होता. "गेल्या दसऱ्याला भेटलो तेच."

"हाव," तुळजाबाई म्हणाल्या होत्या. "बसा. पाणी घ्या."

पहिला माणिकप्पा बसला. स्वच्छ वाजवलं पठ्ठ्यानं. तो उठता उठता माधवराव शेजारून सरकला, ताल तुटला नाही. मग पुन्हा माणिकप्पा, पुन्हा माधवराव. लय चढत गेली. दोघांचे सदरे पाठीला चिकटले, पण अडखळेना कुणीच. निकाल लागेना.

पियानो हातचा चालला, असं माधवरावाला वाटलं. मग त्यानं ठेवणीतली उडी काढली. डावा हात पार खालच्या टोकाला गेला आणि परत येताना करंगळीनं मागच्या सुराला एक टिचकी मारून आला. पुन्हा तीच उडी, पुन्हा तीच टिचकी.

"अगं बाई! मास्तरच बसलेत," कुणीतरी पुटपुटलं. एका म्हातारीनं हात जोडले. पोरीबाळी आईला बिलगल्या.

माणिकप्पा बसायला पुढं झाला नाही. "ही मला शिकवली न्हाई त्यांनी," तो म्हणाला.

"मास्तरांचीच हाय," वाजवता वाजवता माधवराव म्हणाला. "मला एकट्याला दिली. लई आधी."

दार उघडलं. तुळजाबाई बाहेर आल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हे गेले त्या दुपारी मी हाच हात ऐकला. शेजारच्या घरी पापड लाटून राहिले होते मी. लाटणं टाकून धावत आले, तर ह्यांनी मान टाकलेली."

ओसरीवर बायका डोळे पुसू लागल्या. माणिकप्पानं माधवरावाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझाच हाय गड्या. घेऊन जा."

माधवरावाला आनंदानं रडूच फुटलं. किती दिवसांनी बोटं मोकळी झाली होती! त्यानं पियानोचं झाकण हलकेच खाली घेतलं.

"गाडी सांगू का, काकू?"

तुळजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"अमीनसाहेब, कुणाला सांगू नको म्हणून ह्यांनी मला शपथ घातली होती. ती आता मोडते," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून ह्यांचा डावा हात लुळा होता."