पायाची साक्ष

हृदयाच्या दुखण्यामुळे दवाखान्यात दाखल असलेल्या निवृत्त प्लंबरकाकांना दिवसाला लिटरभरच पाणी. बाटलीवर पेनाने रेघा ओढून काकू डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या.

तरी सोनोग्राफीचं यंत्र मांडीवर टेकवताच डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "काका, पायाच्या शिरेत धक्के दिसताहेत."

"म्हणजे वरची टाकी तुडुंब!" काकांना धंद्यातलं लगेच कळलं.

"बरोबर, अंगात पाणी साठलंय. मग चोरून किती पाणी पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाणी? रेघेबाहेर एक थेंब नाही, शपथ!"

"मग पाय काय खोटं बोलतोय का?" काकू कडाडल्या. "डॉक्टर, या माणसाला चांगला दम भरा हो!"



आणि काकांसाठी स्वतःच रोज गुपचूप भरून आणलेला चहाचा थर्मास काकूंनी पायानेच हळूच खाटेखाली सरकवला.